विंचवाचा जोडीदार

शेजारणीच्या कोंबडीने एक अंडं जास्त घातलं तरी तोमासाच्या पोटात दुखायचं. हे तिचा नवरा माकारिओच सगळ्या गल्लीला सांगत असे, आणि तेही ती समोर बसलेली असताना.

"दुखतं तर दुखतं," ती म्हणायची. "पोट माझं आहे ना? तुझं तर नाही दुखत, म्हाताऱ्या?"

पण बाई कामाची पक्की. मेक्सिकोतल्या दुरांगो शहराच्या जुन्या आनाल्को वस्तीत तिच्या हातचं छत नाही असं धाब्याचं घर शोधून सापडलं नसतं. धाब्याच्या घरात वर तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर माती, आणि त्या मातीत विंचू. ऊन तापलं की मेले गारव्याला खाली उतरतात आणि कुणाच्या उशीवर, कुणाच्या पाळण्यात टपकन पडतात. म्हणून तुळयांखाली भिंतीपासून भिंतीपर्यंत मांजरपाट ताणून बसवायचा, कडा खिळ्यांनी आवळायच्या आणि त्यावर चुन्याचा हात फिरवायचा. विंचू पडला तर कापडावर पडतो आणि तिथेच फिरत बसतो. तोमासाने ताणलेल्या कापडाच्या कडेतून सुई आत जायची नाही. तिची आई हेच करायची, आईची आईही हेच. खाटेवर उताणी पडून ती नुसत्या आवाजावरून सांगायची, हा उंदीर, ही पाल, हा विंचू. विंचू कसा ओळखायचा विचारलं तर म्हणायची, "वाळलेलं पान कुणीतरी चोरून ओढत नेतंय असं वाटलं, की तो."

तिच्या खिडकीत एक रुंद तोंडाची बाटली असायची. बाटलीत स्पिरिट आणि स्पिरिटमध्ये बुडवलेले विंचू. कुणाला डंख झाला की माणूस आधी तोमासाच्या दारात यायचा, त्या स्पिरिटचा बोळा लावून घ्यायचा आणि मग इंजेक्शनसाठी दवाखान्याकडे पळायचा. दवाखान्यातली नर्स या बाटलीला हसायची. तोमासा नर्सला हसायची.

मग स्लॅबची घरं आली. स्लॅबला तुळया नाहीत, माती नाही, त्यामुळे छत शिवायला बोलावणंही नाही. गल्लीत कुणी धाबं पाडून स्लॅब घातला की तोमासा दारात उभी राहून म्हणायची, "भाजून निघतील मेले, भट्टीत राहिल्यासारखे." आणि घरात येऊन चार दिवस कुणाशी धड बोलायची नाही.

अशा बाईच्या नशिबी विहीण कोण यावी? एलोदिया. बाजारात चीजचा गाळा चालवणारी विधवा बाई, नव्या वस्तीत स्वतःचं घर, वर स्लॅब. आणि मुलीचं लग्न झाल्यावर वर्षाच्या आत तिने घराला बाहेरून, जमिनीला लागून, गुडघाभर उंचीचा निळ्या टाइल्सचा पट्टा बसवून घेतला होता. चकचकीत, गुळगुळीत. विंचू भिंत चढतो, माती चढतो, वीट चढतो, पण त्या टाइलवर त्याचे पाय टिकत नाहीत. चढायला लागतो आणि घसरतो. दाराच्या उंबऱ्यालाही तीच टाइल.

पट्टा बसला त्या दिवशी एलोदियाने जेवायला बोलावलं. सुक्या मिरचीचा झणझणीत रस्सा, गव्हाच्या गरम पोळ्या. जेवणं होताहोता ती म्हणाली, "विहीणबाई, आता माझ्या घरात विंचू औषधालासुद्धा सापडायचा नाही हो."

"छान झालं," तोमासा म्हणाली. "न्हाणीघरात बसून जेवल्यासारखं वाटतंय."

माकारिओने टेबलाखालून तिला पाय मारला. तिने उलट त्याला मारला.

तिचा मुलगा रुतिलियो लाकडाच्या वखारीचा ट्रक चालवायचा. तो आणि त्याची बायको निदिया तोमासाच्याच घरात, मागच्या खोलीत राहत. आणि निदियावर, खरं सांगायचं तर, तोमासाचा जीव होता. पोरगी दुपारी सासूशेजारी खाटेवर आडवी व्हायची, वर कापडावर खसफस झाली की डोळे मिटून म्हणायची, "थांबा, सांगू नका! उंदीर?"

"पाल."

"मग हा?"

"हा तो. ऐक नीट."

लग्नानंतर वर्षभरात निदियाला दहापैकी सात ओळखता यायला लागले. स्वतःच्या मुलाला जे कधी शिकावंसं वाटलं नाही ते ही परकी पोर हौसेने शिकत होती. तोमासाने हे कुणाला बोलून दाखवलं नाही. बोलली असती तर दृष्ट लागली असती.

निदियाला दिवस गेले आणि बाळंतपणानंतरचे चाळीस दिवस कुठे काढायचे, हा प्रश्न आला. तोमासाच्या मते प्रश्न नव्हताच. तिने मागच्या खोलीचं जुनं कापड उतरवलं, नवा मांजरपाट आणला, दोनदा धुतला, शिवला, ताणला, चुना दिला. पाळणा मधोमध, भिंतीपासून लांब. पाळण्याच्या पायांखाली पाणी भरलेले डबे. आणि एका रविवारी रुतिलियो मान खाली घालून म्हणाला, "आई, निदिया तिच्या आईकडे जाईल. तिकडे टाइल्स आहेत. तान्ह्या मुलाला विंचू चावला तर..."

"माझ्या छतातून कधी पडलाय? तू तान्हा होतास तेव्हा पडला?"

"तसं नाही गं आई."

"मग कसं? तिच्या निळ्या फरशीवर भाळलास, एवढंच."

निदिया दारात उभी राहून पदराशी चाळा करावा तसा एप्रनच्या नाडीशी चाळा करत होती. तिने तोंड उघडलं, पण तेवढ्यात तोमासा उठून अंगणात गेली. तिथे जाऊन तिने स्वच्छ अंगण पुन्हा झाडून काढलं.

मुलगी झाली. गोरीगोमटी, डोक्यावर दाट जावळ. तोमासा कोंबडीचा रस्सा घेऊन विहिणीच्या घरी गेली. पाळण्यात वाकली, हात पुढे केला, आणि एलोदिया म्हणाली, "हळू हो विहीणबाई. तुमच्या हातांना चुन्याचा वास येतो. बाळाला शिंका येतील."

बस्स. एवढंच बोलली. हसून बोलली, वर खुर्ची दिली, कॉफी दिली. पण तोमासाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती कॉफी पीत राहिली आणि बघत राहिली. एलोदिया बाळाला उचलून घेतेय, एलोदिया पाठ थोपटून तिला ढेकर काढायला लावतेय, एलोदिया "माझं सोनं, आज्जीचं सोनं" म्हणतेय. जशी काही जगात आज्जी एकच! घरी जाताना तिने बसमध्ये स्वतःचे हात हुंगून पाहिले. वास येत होता. आयुष्यभर येत होता, आजवर कुणी काढला नव्हता.

घरी येऊन ती बाटलीसमोर उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने चिमट्याने एक विंचू बाहेर काढला, फडक्यावर उन्हात वाळवला, कागदाच्या पुडीत घालून एप्रनच्या खिशात टाकला आणि पुन्हा रस्सा घेऊन निघाली. काय करतेय हे तिला चांगलं कळत होतं. मेलेलाच तर आहे, ती स्वतःला सांगत होती, कुणाला चावणार आहे थोडाच? एलोदिया स्वयंपाकघराकडे वळली आणि निदिया बाळाचे लंगोट वाळत घालायला गेली, तेवढ्यात तिने पुडी उलटी केली. पाळण्यापासून दोन हातांवर, ट्रंकेच्या कडेला. मग खुर्चीवर बसून वारा घेत राहिली.

निदिया आत आली आणि किंचाळली.

एलोदिया पायातली चप्पल काढून धावली आणि तिने एका फटक्यात त्याचा चुरा केला. आधीच मेलेला होता हे कळायला कुणाला वेळच मिळाला नाही. तिने तो कागदावर उचलला, नाकाजवळ नेऊन निरखला आणि कचऱ्यात टाकला. तोमासाला वाटलं, शरमेने वाचा बसली बाईची. आणि देवाशपथ, तिला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं!

"आला ना शेवटी," ती म्हणाली. "टाइल्स बघायला आला असेल."

पण निदियाने बाळाला छातीशी कवटाळलं होतं आणि ती भिंतीकडे बघत होती. "याचा जोडीदार कुठंय?"

आता हे दुरांगोतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, की विंचू एकटा येत नाही. एक दिसला की दुसरा घरात असतोच. तो मारल्याशिवाय कुणी दिवा विझवत नाही. तोमासाने हे स्वतः शंभर घरांत सांगितलं होतं, आणि पुडी उलटी करताना नेमकं हेच तिच्या डोक्यात आलं नव्हतं. ट्रंक हलवली, कपाट पुढे ओढलं, गादी अंगणात नेऊन झोडपली. शेजारीपाजारी आले. एलोदिया गुडघ्यांवर बसून सुरीच्या टोकाने फरशीच्या फटी कोरत होती. जोडीदार सापडला नाही. सापडणार कुठून? तो आनाल्कोत, खिडकीतल्या बाटलीत होता.

संध्याकाळी निदिया गाठोडं बांधून म्हणाली, "तोमासाआई, मला तुमच्याकडे न्या."

टॅक्सीत तोमासाने नातीला मांडीवर घेतलं होतं. एलोदिया त्या निळ्या पट्ट्यासमोर उभी राहून हात हलवत होती. तोमासानेही हलवला. जरा जास्तच हलवला.

आणि मग? मग सुख भोगावं म्हटलं तर सुखाचा पत्ता नाही. निदिया बाळाला खालीच ठेवेना. एवढा पाळणा, एवढं नवं कोरं छत, पण ती खाटेच्या मधोमध बाळाला घेऊन बसलेली, पाय वर ओढलेले. कापडावर खसफस झाली की दचकायची.

"पाल गं ती," तोमासा म्हणायची. "तुला येतं की ओळखायला!"

"मला आता काहीच ओळखू येत नाही. तो माझ्या गाठोड्यातून इकडे आला असेल, तोमासाआई. नाहीतर तिकडेच असेल, आईच्या उशीखाली."

तिसऱ्या दिवशी तिचं दूध आटलं. मक्याची गरम पेज झाली, कोंबडीचा रस्सा झाला, दाई येऊन पाठ चोळून गेली. "भीतीने आटलंय," दाई म्हणाली. "भीती काढा, दूध येईल." डब्याचं दूध पोर थुंकून टाकायची. रडायची, आणि रडून दमली की नुसते ओठ हलवायची. तोमासा त्या ओठांकडे बघायची आणि पुढचं ताट बाजूला सारायची. हिला मांडीवर घ्यायची म्हणून एवढं केलं. मांडीवर आहे. आणि मांडीवर वाळत चालली आहे.

तिने बाटलीतला एक विंचू काढला, गाठोड्याशेजारी ठेवला आणि चपलेने हाणून ओरडली, "हा बघ! सापडला तुझा जोडीदार!"

निदियाने वाकून पाहिलं आणि वर तुळयांकडे बोट दाखवलं. "हा इथला. इथे ते असतातच. तो तिथला होता, तोमासाआई, जिथे यायला वाटच नाही."

पोरीचं खरं होतं. धाब्याच्या घरात विंचू सापडला तर त्याला कोण ओळखतं? पण टाइल्सच्या घरात दुसरा सापडला तर तो जोडीदारच, आणि तोच शेवटचा. तिथे तो सापडायला हवा होता. आणि तिथे सापडला, की निदियाला इथे राहायचं कारण उरत नव्हतं. तोमासाला हे सगळं लख्ख दिसत होतं.

"काय झालं?" माकारिओने विचारलं. "बाटलीकडे काय बघत बसलीस?"

"तुला काय करायचंय, म्हाताऱ्या?"

माकारिओ थोडा वेळ बाटलीकडे बघत राहिला, थोडा वेळ तिच्याकडे. "यात आधी जास्त होते ना गं?" तो म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता टोपी घालून बाहेर निघून गेला.

या वेळी उन्हात वाळवायला सवड नव्हती. पोर रात्रभर रडून आता आवाजही काढत नव्हती. तोमासाने ओला विंचू तसाच फडक्यात गुंडाळला आणि रुतिलियोला म्हणाली, "ट्रक काढ. मला एकदा तिथे स्वतः शोधू दे. निदिया, तूही चल. डोळ्यांनी बघ."

एलोदियाचं घर ओळखू येत नव्हतं. पडदे उतरवलेले, कपाट खोलीच्या मधोमध, गादी खुर्च्यांवर. तिचे डोळे सुजलेले होते. तिने दारातच मुलीकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, हात पुढे केले आणि मागे घेतले. निदिया बाळाला घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत यायला तयार नव्हती.

तोमासा आत गेली. तिने कपाटामागे पाहिलं, न्हाणीत पाहिलं, उगाच भिंतीला कान लावला. मग ट्रंकेमागे हात घातला, चप्पल आपटली आणि म्हणाली, "आहे! निदिया, आहे गं आहे!"

तिने तो चिमट्यात धरून उंबऱ्यापर्यंत आणून दाखवला. निदियाने पाहिलं. तिचे खांदे असे खाली आले, की रुतिलियोने तिला धरलं. ती आत आली, भिंतीला टेकून खाली बसली आणि बाळाला पाजायला घेतलं. पोरगी चुळबुळली, रडली आणि मग गप्प झाली. पुष्कळ वेळ गप्प राहिली. "येतंय," निदिया हुंदका देत म्हणाली, "आई, येतंय!"

एलोदियाने तोमासाच्या हातातून चिमटा घेतला. "द्या. याला जाळून टाकते."

दोघी स्वयंपाकघरात गेल्या. एलोदियाने दार ढकललं, गॅस पेटवला आणि चिमटा आचेवर धरला. विंचू भपकन पेटला, निळ्या ज्योतीने. स्पिरिटचा वास सगळ्या स्वयंपाकघरात भरला. तोमासाला वाटलं, आता भुई दुभंगेल तर बरं.

एलोदियाने तो जळेपर्यंत वाट पाहिली. "पहिला तरी नीट वाळवला होतास," ती म्हणाली. "तरी वास होताच."

"तुला... तेव्हाच कळलं?"

"चिरडलेल्या विंचवाला कधी स्पिरिटचा वास येतो?"

"मग बोलली का नाहीस? सगळ्यांसमोर माझी शोभा करायची होतीस! घर का खणत बसलीस?"

"मी बोलले असते तर निदिया म्हणाली असती, आई, तू जळतेस." एलोदियाने चिमटा सिंकमध्ये टाकला आणि नळ सोडला. "आणि मी जळतच होते ना. मग कुठल्या तोंडाने बोलणार? कुठून तरी एखादा खरा सापडला तर पोर परत येईल, म्हणून खणत बसले. इथे आल्यापासून पोरगी छताकडे बघून म्हणायची, इथे काहीच ऐकू येत नाही. तोमासाआईकडे असं, तोमासाआईकडे तसं. लग्न झाल्यापासून प्रत्येक वेळी माहेरी आली की तेच. पाल ओळखते, उंदीर ओळखते, तोमासाआईने शिकवलं. मी काय शिकवलं, चीज कापायला? त्या टाइल्स कशाला बसवल्या वाटतं तुला? या घरात विंचू कधी नव्हताच, तोमासा. एकसुद्धा नव्हता."

तोमासा स्टुलावर बसली. जिच्यावर ती एवढी जळली, ती बाई तिच्यावरच जळत होती. तिला हसू येईना आणि रडूही येईना.

"आणि चुन्याचा वास?" तिने विचारलं.

"येतोच तुझ्या हातांना," एलोदिया म्हणाली. "निदियाला आवडतो तो. म्हणून बोलले."

तेवढ्यात खोलीतून हाक आली. दार लोटलेलं असलं तरी अगदी स्पष्ट. "तोमासाआई! पोट भरलं हिचं. जरा घेता का हिला?"

सिंकपाशी एलोदियाचे हात थांबले. तिने मान वर केली नाही, नळ तसाच सोडून ठेवला. हात असे का थांबतात, हे तोमासाला कुणी सांगायची गरज नव्हती. ते थांबणं ती चांगलं ओळखत होती.

"विहीणबाई, जा," तोमासा म्हणाली. "पोरगी बोलावतेय."

"मला नाही. तुला बोलावतेय. नाव घेतलंन तुझं."

"माझं?" कापडावरची पाल आणि विंचू आवाजावरून वेगळे ओळखणारी ती बाई म्हणाली. "मला हल्ली कमी ऐकू येतं गं."

एलोदियाने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग हात पुसले, केस सारखे केले आणि गेली.

तोमासाने उठून नळ बंद केला आणि पुन्हा स्टुलावर येऊन बसली. पलीकडे एलोदिया "माझं सोनं, आज्जीचं सोनं" म्हणत होती. तोमासाला शब्दन् शब्द ऐकू येत होता, आणि ती जागची न हलता, पोटभर जळत, ऐकत बसली.